तिच्याच हाताची म्हैस

"माज्या हाताबिगर ती पान्हा सोडत न्हाय की, काकी," असं मला म्हणत ती ओले हात पदराला पुसायची. लग्नाला बोलवा, बारशाला बोलवा, उत्तर ठरलेलं. माहेर कुरुंदवाडचं, हाकेच्या अंतरावर म्हणा ना. पण मुक्कामाला म्हणून कधी गेली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला तिचा गोठा. नवरा साखर कारखान्यात पाळीवर, सासू अंथरुणाला खिळलेली. उरलेलं सगळं हिच्या अंगावर. तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल बघा. हसून बोलते, पण दात आवळलेलेच. हिचे तर विंचरताना केसांचे झुपके निघायचे. पाळी चुकायची, खाल्लेलं पोटात ठरायचं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधडतं, म्हणायची.

"दाखव की गं कुणाला तरी."

"मला काय धाड भरलीया? उभी हाय की."

मग एक दिवस म्हैस दूध चोरायला लागली. कासेला हात लावला की पाय झाडायची. झालं, अख्खं घर हललं. जनावरांचा डॉक्टर आला, पेंड बदलली. सासूनं पडल्या पडल्या मीठमिरच्या ओवाळायला सांगितल्या. कुणावरनं, तर म्हशीवरनं. ओवाळल्या हिनंच. डॉक्टर म्हणाला, जनावर ठणठणीत आहे. मी तिथंच उभी होते. कासेवरचे तिचे हात थरथरत होते. म्हशीला ते कळलं होतं, घरात कुणाला नाही.

त्याच आठवड्यात ती गोठ्यात चक्कर येऊन पडली. रक्तदाब भलताच चढलेला. भाऊ आला आणि विश्रांतीला घेऊन गेला. सासूला नणंदेनं नेलं. राहिले नवरा आणि म्हैस.

म्हैस त्याला जवळ येऊ देईना. शेवटी त्यानं बायकोची जुनी साडी अंगाभोवती गुंडाळली आणि धारेला बसला. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हशीनं साडी हुंगली आणि पान्हा सोडला.

मी हौसेनं फोन लावला.

"झोप लागती का गं आता?"

"लागतीया. म्हस कशी हाय?"

"देती की दूध. तुझी साडी गुंडाळून बसतोय तुझा नवरा."

ती हसली. बरंच हसली.

"मग मला न्यायला कशाला कोन येतंय, काकी?"



गौरी आल्या आणि गेल्या. तिची साडी तेवढी गोठ्याच्या दोरीवर वाळत असते.