आयुक्तांचं एक मत

दह्याच्या डब्याचं पातळ झाकण दोन बोटांत धरून आयुक्त माझ्या दारात उभे राहायचे. "हे कुठं टाकलं होतंस?" मी म्हणायची, "कचऱ्यात." "कुठल्या कचऱ्यात?" झालं! मग झाकण पिवळ्या डब्यात का, डब्याभोवतीचा कागद निळ्या डब्यात का, आणि माझ्यासारख्यांमुळे परदेशात आपली अब्रू कशी जाते, यावर उभ्या-उभ्या व्याख्यान. श्टुटगार्टमधल्या आमच्या वसतिगृहात प्रत्येक मजल्याला एक सामाईक स्वयंपाकघर होतं, आणि आमच्या मजल्याच्या कचऱ्यावर या गृहस्थांनी स्वतःच स्वतःची नेमणूक करून घेतली होती. म्हणून मी त्यांना आयुक्त म्हणायला लागले. आज आम्ही दोघंही अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये आहोत, दोघंही गाड्यांच्या धंद्यात नोकरी करतो, तरी माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव आयुक्त असंच आहे.

माणूस मूळचा नाशिकचा. माझ्याआधी काही वर्षं जर्मनीत आलेला, एवढीच काय ती ज्येष्ठता. पण बोलताना 'आमच्याकडे' म्हणजे जर्मनी आणि 'तुमच्याकडे' म्हणजे भारत! "तुमच्याकडे गाड्या वेळेवर येत नाहीत ना गं?" असं त्यांनी मला फलाटावर विचारलं, तेव्हा आमची जर्मन गाडी अर्धा तास उशिरा होती आणि थंडीनं माझे दात वाजत होते. ते मी दाखवून दिलं तर म्हणाले, "हल्ली बाहेरून फार लोक आलेत, त्याचा परिणाम आहे." आणि आपण कुठून आलात, महाराज? आकाशातून पडलात?

स्वयंपाकघरात मी फोडणी टाकली, की बाहेर बर्फ पडत असला तरी आयुक्त खिडकी सताड उघडायचे. "वास भिंतीत मुरतो. इथल्या लोकांना त्रास होतो." इथले लोक बिचारे मागे वाटी घेऊन उभे असायचे, ते यांना दिसायचं नाही. स्वतः संध्याकाळी काळा कोरडा पाव आणि चीज चावत बसायचे, चेहरा असा की एकादशीचा उपास सोडतायत. पण नाताळच्या सुट्टीत मजला रिकामा झाला, की दारावर हळूच टकटक. "थोडं वरण उरलंय का गं?" मग बोटं चाटूनपुसून जेवायचे, आणि सुट्टी संपली की परत नाकानं कांदे सोलायला मोकळे.

खोटं कशाला बोलू, एकदा माझी दाढ सुजली तेव्हा हाच माणूस माझ्याबरोबर डॉक्टरकडे आला होता. मला तेव्हा जर्मन धड येत नव्हतं. त्यांनी सगळं नीट विचारलं, मला समजावून सांगितलं, घरी आल्यावर गरम पाणीही आणून दिलं. कचऱ्याचं म्हणाल तर आजही मी दह्याचं झाकण धुऊनच टाकते, नवरा हसतो. म्हणजे माणूस अगदीच टाकाऊ नव्हता. म्हणून तर जास्त राग येतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी प्रज्ञा आली. नागपूरची, इंजिनांवर जीव असलेली, घरातली शिकायला परदेशी आलेली पहिलीच मुलगी. प्रवेश मिळाला होता, खोली मिळाली नव्हती. तिथं खोली नाही म्हणजे पत्ता नाही, पत्ता नाही म्हणजे सरकारदरबारी नोंद नाही, आणि नोंद नाही तर तुम्ही कितीही हुशार असा, व्हिसाची मुदत संपली की घरी. ओळखीतून कळलं म्हणून मी तिला माझ्या खोलीत जमिनीवर गादी दिली. तिनं आल्या आल्या बॅगेतून बाबासाहेबांचा छोटा फोटो काढून माझ्या फळीवर ठेवला, आणि संत्रा बर्फीचा डबा आयुक्तांपुढे केला. आयुक्तांनी फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि बर्फी उचलली. "छान आहे हं," म्हणाले.

नशीब असं, की त्याच महिन्यात आमच्या मजल्यावर एक खोली रिकामी झाली. आमच्या वसतिगृहात नवा माणूस कोण येणार हे मजल्यावरचीच मुलं ठरवायची. इच्छुकाला स्वयंपाकघरात बोलवायचं, कॉफी-केक द्यायचा, गप्पा मारायच्या, मग त्याला बाहेर पाठवून हात वर करायचे. एक जरी हात विरोधात गेला तरी नाही म्हणजे नाही, कारण रोज एकत्र राहायचंय. प्रज्ञाला मी म्हटलं, "अगं, आयुक्त आपलाच आहे, निम्मं काम झालं समज." ती म्हणाली, "ताई, खोली भेटली ना, तर सगळ्या मजल्याला मी जेवू घालते."

प्रज्ञा मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये अशी बोलली, की मीच बघत राहिले. लेना नावाच्या उंच मुलीनं विचारलं, "कुणी भांडी घासली नाहीत तर काय करशील?" प्रज्ञा म्हणाली, "आधी घासीन, मग भांडीन." सगळे खो खो हसले. ती बाहेर गेल्यावर लेना म्हणाली, "मला वाटतं, झालं." कुणाचा विरोध आहे का, एवढंच विचारायचं राहिलं होतं. आणि आयुक्तांनी शांतपणे हात वर केला.

कुणाला काही कळेना. लेना माझ्याकडे बघते, मी आयुक्तांकडे. आयुक्त जर्मनमध्ये म्हणाले, "मी माझ्या लोकांना ओळखतो. हे जमणार नाही." संपलं. बाकीच्यांनी खांदे उडवले. मनात म्हणाले असतील, त्याच्या देशाची मुलगी, त्यालाच जास्त माहीत.

मी त्यांना बाहेर बोळात गाठलं. "का रे? काय बिघडवलं तिनं तुझं?" आयुक्त म्हणाले, "हे बघ, आपले दोघं चालतात. तिघं झाले की चाळ होते." मला ते तेव्हाही पटलं नाही. चाळीची एवढी भीती असलेला माणूस नाशिकच्या एका मित्राला खालच्या मजल्यावर खोली मिळावी म्हणून आदल्याच वर्षी दारोदार फिरला होता. मी ते तोंडावर बोलले. आयुक्त म्हणाले, "ते वेगळं होतं."

पण खरा कळस पुढंच. माझ्या खोलीत जाऊन त्यांनी प्रज्ञाला स्वतः सांगितलं, "मी खूप प्रयत्न केला गं. पण जर्मन लोक असेच असतात. मनाला लावून घेऊ नकोस." आणि सांगता सांगता डब्यातली उरलेली बर्फी खाल्ली! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण कुऱ्हाड निदान घाव घालून वर पाठ थोपटत नाही. ते गेल्यावर मी प्रज्ञाला खरं काय ते सांगून टाकलं. ती रडली नाही. फोटो पुसून बॅगेत ठेवत एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलं ताई. मी त्या लेनावर राग धरून बसली असती."

तिला शेवटी दूरच्या एका खेड्यात खोली मिळाली. तिथून सकाळची बस चुकली की प्रयोगशाळा चुकायची, आणि हिवाळ्यात बस चुकायचीच. परीक्षा गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात ती नागपूरला परत गेली ती गेलीच. आता तिथं एका कॉलेजात शिकवते, बरी आहे, हसते-बोलते. पण मी माझ्या कामातल्या इंजिनांबद्दल बोलायला लागले, की फोनवर विषय बदलते.

परवा ट्रॉयमध्ये शेजारच्या वहिनींकडे जेवण होतं. त्यांची सई शिकायला जर्मनीला निघालीय, म्हणून खास आयुक्तांना बोलावलेलं. सईनं विचारलं, "काका, रूम मिळणं इज रिअली दॅट हार्ड?" आयुक्त खुर्चीत रेलून म्हणाले, "अगं घाबरतेस काय! आपली माणसं असतात ना तिथं. मी कित्येक मराठी मुलांना रूम मिळवून दिल्यात. हिला विचार."

ताट बाजूला ठेवून मी सगळ्यांसमोर विचारलं, "प्रज्ञाला कुठली मिळवून दिलीस रे?"

वहिनी वाढता वाढता थांबल्या. आयुक्तांनी कपाळाला आठ्या घातल्या. सोंग नव्हतं ते, मी त्या माणसाला ओळखते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. एका मुलीचं शिक्षण बुडवलं आणि त्यांच्या डोक्यात तिची साधी सावलीही उरली नव्हती.

"प्रज्ञा... प्रज्ञा..." ते पुटपुटले, आणि मग अगदी सहज, भाजीचं विचारावं तसं म्हणाले, "आडनाव काय गं तिचं?"