दळवीशेठचे सोनेरी पाइप

ईशा आणि कबीर, तुमचा टोरांटोचा फोटो मिळाला. जुन्या चर्चमधलं पिझ्झाचं दुकान, आणि भिंतीवर ऑर्गनचे चकचकीत पाइप. "आजी, खरे असतील का गं?" असं विचारलंत. फोटोवरून सांगता येत नाही. मागे जाऊन बघावं लागतं. मी एकदा बघितलं होतं, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकात मी घाटकोपरला परांजपे सरांकडे आर्किटेक्ट होते. अंधेरीत एक बंद पडलेलं चर्च होतं. बांधणारे साहेब मायदेशी गेले, उरलेली माणसं कमी होत गेली, शेवटी ट्रस्टने इमारत विकली. घेतली दळवीशेठनी. सिमेंटमध्ये पैसा झाला होता. आता मंगल कार्यालय काढून पुण्य करायचं होतं. एअरकंडिशन्ड पुण्य.

आत पाइप ऑर्गन होता. म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचा धिप्पाड पणजोबा. भाता हवा भरतो, पट्टी दाबली की हवा पाइपात शिरते आणि पाइप बोलतो. एका पाइपाला एकच सूर, म्हणून पाइप शेकडो.

साइटवर सेसिलबाई आल्या. माहेर खाडीपलीकडच्या मनोरीचं. या चर्चमध्ये जन्मभर त्यांनीच ऑर्गन वाजवला होता.

"शेठ, तुमाला नको तर आमच्या गावच्या देवळाला द्या," त्या म्हणाल्या. मनोरीला चर्चला देऊळच म्हणतात.

"द्या?" शेठ दचकले. "मावशी, ते पाइप बघितलेत? सोन्यासारखे! नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे राजवाडा वाटेल, राजवाडा!"

"आणि पाइपांमागची खोली?" मी विचारलं.

"तिथे बुफे. आतला कचरा सोमवारी फोडून टाकतायत."

सेसिलबाई मटकन बाकावर बसल्या.

मी टॉर्च घेऊन मागे गेले. तिथे धुळीत लाकडाचे आणि कथलाचे पाइप दाटीवाटीने उभे होते. मग पुढचे सोनेरी पाइप पाठीमागून पाहिले. हवा शिरायला भोकच नव्हतं. अशांना डमी म्हणतात. आपल्या फॉल्स सीलिंगचे चुलतभाऊ. सूर सगळा कचऱ्यात होता.

क्लायंटला खरं सांगणं आमच्या धंद्यात कर्तव्य असतं. मी बाहेर येऊन सर्वांसमोर सांगितलं, "शेठ, पुढचे पाइप वाजत नाहीत. नुसते शोभेचे आहेत. खरा ऑर्गन मागे आहे."

परांजपे सर खोकले. क्लायंट दुखावला की त्यांना खोकला येई.

शेठ मात्र खूश. "अहो मॅडम, लग्नात शोभाच लागते! वाजवायला बँड आहे ना!"

"मग मागचं सेसिलबाईंनी नेलं तर?"

"न्या की! टेम्पो माझा. तेवढाच फोडायचा खर्च वाचला. पण मावशी, पुढच्या पाइपांना हात लावायचा नाय हां!"

सेसिलबाईंनी प्रार्थनेला बसल्यासारखा चेहरा केला. "नाय रे बाबा. ते तुझेच."

रविवारी टेम्पो मार्व्याच्या धक्क्यावर गेला. तिथून होडीत, मासळीच्या टोपल्यांशेजारी.

"मावशे, एवढे पाइप? बंब बसवतेस का?" होडीवाल्याने विचारलं.

"देवाला गरम पाणी लागतं," सेसिलबाई म्हणाल्या.

हॉलच्या उद्घाटनाला डमींना सोनेरी रंगाचा आणखी एक हात दिला होता. एका पाहुण्याने विचारलं, "वाजतो का हो?"

"वाजतो तर!" दळवीशेठ म्हणाले. "पण अँटिक आहे. आपण वाजवत नाय."

परांजपे सरांना जोराचा खोकला आला.

मनोरीत ऑर्गन जोडायला फार वेळ गेला. भात्याला नवं कातडं एका पेटी दुरुस्त करणाऱ्याने लावलं.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले: क्लायंटला खरं जरूर सांगावं. तो ऐकेलच अशी भीती बाळगू नये.

तो हॉल पाडून तिथे टॉवर झाला. सोनेरी पाइपांचं काय झालं, कोणी विचारलंही नाही. मनोरीचा ऑर्गन अजून आहे. खाऱ्या हवेने काही पाइप मुके झालेत. पुढे शोभेला एक फुलाफुलांचा पडदा आहे. वाजतो.