शनीवर रोज, आमच्याकडे आठव्या दिवशी

शनीच्या कड्यांमधून त्याच्या वरच्या वातावरणात पाणी अखंड पडत असतं. एका यानानं आपल्या शेवटच्या फेऱ्यांत कडी आणि ग्रह यांच्या मधून जाऊन त्याच्या नोंदी घेतल्या, आणि मग ते शनीतच जळून गेलं. त्या नोंदी तपासण्यात माझी चार वर्षं गेली. आणि आमच्या गल्लीत नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही सोडणाऱ्याच्या मर्जीनं!

बुधवारी दुपारी चारला माझी लॅपटॉपवर मुलाखत होती. परदेशातली नोकरी, याच नोंदींवरचं काम. पाणी मंगळवारी यायचं होतं. आलं नाही. बुधवारी चार वाजून पाच मिनिटांनी आलं. कपाळावर हात मारावासा वाटला, पण समोर कॅमेरा.

मोटर लावली की आमच्याकडे व्होल्टेज पडतं आणि इंटरनेट जातं. घरात आम्ही दोघीच. आई दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी टेबलाखालून हातानंच 'नको' म्हटलं. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, कड्यांतून दर सेकंदाला किती पाणी पडतं? झोपेत विचारलं तरी सांगेन असा आकडा, पण बाहेर नळ वाहत होता आणि मला आठवेचना. कसाबसा सांगितला.

पाऊण तासानं बाहेर आले तर नळ कोरडा. आई पायरीवर गुडघे धरून बसलेली. आमचा नळ अंगणातल्या खड्ड्यात आहे. तिनं आत उतरून तांब्यातांब्यानं सगळे हंडे भरले होते. आवाज नको म्हणून प्रत्येकाखाली टॉवेल.

"हाक मारायची ना! गुडघ्यांची वाट लावून घेतलीस," मी ओरडले.

"तू बोलत व्हतीस. तिथं शनीवर कितव्या दिशी येतं गं पाणी?"

"रोज. थांबतच नाही."

"अन् भरून घ्यायला कुणीच नाय?" ती खरोखर वैतागली.

महिन्यानं निवडीची मेल आली. आई म्हणाली, "बरं झालं. आता चार हंडे कमी भरावे लागतेल." मला भयंकर राग आला.

आता मी इथं, चोवीस तास पाणी असलेल्या गावात. परवा फोनवर कळलं, ती अजून सगळे हंडे भरते.

"एकटीला एवढे कशाला?" मी पुन्हा ओरडले.

"अन् तू आलीस तर?"