अक्काचा पगार

माझी मोठी बहीण, आमची अक्का, धरणगावजवळच्या एका खेड्यात एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि एक पाय लहानपणापासून अधू. निराधारांच्या योजनेतून तिला महिन्याला दीड हजार रुपये मिळायचे आणि पिवळ्या कार्डावर गहू-तांदूळ. त्या दीड हजाराला ती पगार म्हणायची. आमच्याकडे सगळ्याच म्हाताऱ्या बायका पगार म्हणतात, पण अक्का ज्या तोऱ्यात म्हणायची, त्यावरून ऐकणाऱ्याला वाटावं, बाई मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालीये. पाच तारीख उलटली की धुतलेलं लुगडं नेसून, लंगडत लंगडत बँकेत जायची. पैसे आले नसले तर दुसऱ्या दिवशी परत जायची. कुणी सोबत येतो म्हटलं तर तिला खपायचं नाही.

मी जळगावात असते. ब्लाऊज शिवते. नवरा पाईपच्या कारखान्यात आहे. माझी जीभ तिखट आहे असं सासरचे म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, आहेच.

त्या दिवशी मी मशीनवर होते. अक्काचा फोन आला आणि पलीकडून नुसतं रडणं. मला वाटलं, भाऊ गेला. "अक्का, काय झालं, कोण गेलं?" मी विचारत राहिले. बऱ्याच वेळाने ती अहिराणीत म्हणाली, "मना खातामा पैसा उनात वं बाई. नऊ लाख." म्हणजे तिच्या खात्यात नऊ लाख रुपये आले होते. मशीनची सुई कापडात तशीच रुतलेली, पाय पॅडलवर थिजलेला, आणि मी वेड्यासारखी म्हणतेय, "नीट सांग. हजार की लाख?" तिने पगार काढायला स्लिप दिली होती, आणि खिडकीतल्या बाईने तिच्याकडे वर-खाली बघून आकडा सांगितला होता.

पैसे कुठून आले ते तासाभराने कळलं, कारण तेवढेच पैसे माझ्याही खात्यात आले. दोंडाईच्याजवळ आमच्या वडिलांचं शेत आहे. ते भाऊ कसतो. तो अक्काहून लहान, माझ्याहून मोठा. त्या शेताचा एक पट्टा नव्या रस्त्यात गेला होता. वडिलांच्या मागे उताऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागलेली. गावाकडे बहिणी सही करून हक्क सोडतात, भाऊ साडी नेसवतो, आणि विषय तिथे मिटतो. आमच्या भावाने ते आज करू, उद्या करू करत लांबवलं. बहिणी कुठे पळून चालल्यात, ही त्याची खात्री. शिवाय त्याला वाटलं, जो कसतो त्यालाच मोबदला मिळणार. कचेरीने मागितले म्हणून बँकखात्यांचे कागद आमच्याकडून त्यानेच नेले होते, तेही घाईघाईत, चहासुद्धा न घेता. सरकारने ज्याचा वाटा त्याच्या खात्यात टाकला आणि आम्ही तिघंही जागच्या जागी बसलो.

मला धक्का बसला तो पैशांचा. अक्काला बसला तो वेगळाच. संध्याकाळी मी तिच्याकडे पोचले तर चूल पेटलेली नव्हती. भिंतीला टेकून बसलेली. मी म्हटलं, "अगं, लोक देव पाण्यात घालून बसतात अशा दिवसासाठी, आणि तू सुतक धरून काय बसलीस?" ती म्हणाली, "मना पगार बंद करतीन ना आते." आता माझा पगार बंद करतील. नऊ लाख हातात असलेली बाई दीड हजारासाठी रडत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला समजावलं, की हे पैसे बँकेत नुसते ठेवलेस तरी महिन्याचं व्याज तुझ्या पगाराच्या तिप्पट होईल. गुडघ्याचं ऑपरेशन होईल. वर पत्रा आहे तिथे स्लॅब पडेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बठ्ठा पैसा भाऊना शे. पगार मना शे." सगळा पैसा भावाचा. पगार तेवढा माझा.

"भावाचा कसा? तुझं नाव आहे त्यावर."

"नाव ऱ्हास," ती शांतपणे म्हणाली. "पण तो मांगाले ई. पगार मांगाले कोणी येत नही."

नाव असतं, पण तो मागायला येईल, पगार मागायला कुणी येत नाही. आणि ते खरंच होतं. अक्काला आयुष्यात जे जे मिळालं त्याला कुणी ना कुणी धनी निघाला. लग्नातल्या बांगड्या दिरांच्या धंद्यात गेल्या. नवऱ्याचं घर पुतण्यांना गेलं. त्या दीड हजाराला मात्र कधी कुणी हात लावला नव्हता. तेवढी एक गोष्ट तिच्या नावाने यायची आणि तिच्याच कनवटीला जायची.

आणि भाऊ आलाच. आखाजी तोंडावर होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. माहेरचा कुणीतरी मुराळी होऊन न्यायला येतो, निंबाला झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते. अक्का रांडाव झाल्यापासून तिच्या दारात मुराळी आलेला नव्हता. एका वर्षी वहिनीचं पाठदुखीचं कारण, एका वर्षी गाडीचं, पुढे कारण सांगणंही बंद झालं. या वर्षी भाऊ स्वतः चारचाकी भाड्याने करून आला. आधी जळगावला मला उचललं, मग अक्काला. अक्का पिशवी भरून ओट्यावर बसलेली होती. तिचा चेहरा बघून मला भावाचा राग येईना आणि अक्काचाही येईना, इतकी ती खुलली होती.

दोन दिवस आम्हाला राण्यांसारखं ठेवलं. वहिनीने अक्काच्या पायाला तेल लावलं. मी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. निघताना आम्हा दोघींना साड्या नेसवल्या, भाऊ पाया पडला आणि म्हणाला, "अक्का, मी शे तोपर्यंत तुमनं माहेर शे." मी तिथेच सांगून टाकलं, की साडी छान आहे भाऊ, पण माझे पैसे मी देणार नाही. माझ्या पोरीचं शिक्षण आहे. त्याचं तोंड उतरलं. त्या दिवसापासून त्याने माझं नाव टाकलं, ते वर्षभर तसंच.

अक्काला मी गाडीत चिमटा काढला. तिने माझा हात बाजूला केला. परतताना गाडी तिच्या बँकेसमोर थांबली. भावाने कागद भरला आणि अक्काने अंगठा दिला. खिडकीतल्या बाईने दोनदा विचारलं, "मावशी, सगळे? नक्की?" अक्का म्हणाली, "मना पगारना ऱ्हाऊ दे. बाकी बठ्ठा." जुन्या पगाराचे चौदाशे-पंधराशे रुपये शिल्लक होते, तेवढे तिने राखले. मी बाकड्यावर बसून बघत होते. माझ्यासारखीची दातखीळ बसली म्हणजे बघा.

इथपर्यंत जे झालं ते आमच्या गावांत घरोघर होतं. पुढे अक्काने जे केलं ते फक्त अक्काच करू शकते. तिच्या हिशेबाने पैसे आले आणि गेले, म्हणजे ती पुन्हा होती तशी निराधार झाली. पण उद्या कुणी चुगली केली तर? म्हणून कुणी सांगण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हावं, असं तिने ठरवलं. मला विचारलं नाही. तशीच तालुक्याच्या कचेरीत गेली आणि तिथल्या कारकुनाला सगळं सांगितलं, की असे असे नऊ लाख आले होते, ते भावाला दिले, आता माझ्याकडे काही नाही, पगार चालू ठेवा.

तो माणूस वाईट नव्हता. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, हे अक्कानेच सांगितलं. त्याने विचारलं, "भावाला दिल्याचा काही कागद?" अक्का म्हणाली, भावाला द्यायला कागद कशाला लागतो. त्यावर तो म्हणाला, "मावशी, जी बाई नऊ लाख वाटून टाकते, तिला मी निराधार कसं लिहू?"

दोन महिन्यांनी पगार यायचा थांबला. धान्य तेवढं चालू राहिलं, पण तेही कधी जाईल याचा नेम नव्हता. "मना पगार बंद व्हयना," एवढंच तिने फोनवर सांगितलं. या वेळी रडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मी तिच्यावर इतकी ओरडले, की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मग मीच रडले. दर महिन्याला मी पैसे पाठवते म्हटलं तर नाही म्हणाली. धाकट्या बहिणीचं खात नाहीत, आणि तुझं घर तुझ्या नवऱ्याचं आहे. कचेरीत अर्ज करू म्हटलं, तर म्हणाली, तो माणूस बरोबर बोलला. त्या हंगामात ती तो पाय घेऊन कापूस वेचायला गेली. सरीतून बसत बसत सरकायची, असं तिच्या गावची एक बाई मला सांगत होती. भावाने त्या पैशांतून ट्रॅक्टर घेतला होता.

पुढच्या आखाजीला अक्काच्या दारात कुणी आलं नाही.

त्यानंतर महिना-दीड महिन्याने मला भावाचा फोन आला, वर्षभरात पहिल्यांदाच. आवाज चढलेला. "अक्काले समजाड. गावमा तोंड दाखवाले जागा नही ऱ्हायनी." झालं काय होतं, तर पाच तारखेला अक्का धरणगावहून पॅसेंजरने दोंडाईच्याला उतरली होती, तिथून रिक्षाने त्याच्या गावी, आणि घरात न जाता ओट्यावर बसली होती. दीड हजार घेऊनच उठली. दुसऱ्या महिन्यात परत तेच.

तिसऱ्या महिन्यात मी तिच्यासोबत गेले. खरं सांगते, समजूत काढायलाच गेले. गाडीत मी तिला म्हटलं, "मागायचेच तर नऊ लाख माग ना. कोर्टात जाऊ." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, दिलेलं परत मागत नसतात.

भावाचं घर गावच्या चौकातच आहे. सकाळची वेळ, दूध घालायला निघालेली माणसं, समोर पारावर म्हातारे. अक्का ओट्यावर बसली, अधू पाय हाताने उचलून समोर ठेवला, पदर सारखा केला. वहिनी म्हणाली, "आत या ना अक्का, चहा टाकते." अक्का म्हणाली, मग घेईन. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट बँकेत बोलते तसा जपून होता. भाऊ बाहेर आला. मला बघून त्याने मान फिरवली. खिशातून नोटा काढून अक्कासमोर धरल्या. "ह्या ले पाच हजार. तीन महिना येऊ नको."

अक्काने नोटा घेतल्या. मला वाटलं, मिटलं. तिने त्यातले दीड हजार वेगळे काढले, पदराच्या गाठीत बांधले आणि उरलेले त्याच्या हातात परत दिले.

"पगार महिनाना महिनाले ऱ्हास," ती म्हणाली.

पारावरचे म्हातारे बोलायचे थांबले होते. भाऊ दात आवळून हळूच म्हणाला, "अक्का, मी कोणाबरोबर पाठाडी दिसू. तू कसाले येस?" पैसे कुणाबरोबरही पाठवून देईन, तू कशाला येतेस. अक्का भिंतीचा आधार घेऊन उठली. दरवर्षी कचेरीत हयातीचा दाखला द्यायला जायची तेव्हा साहेबापुढे जशी उभी राहायची तशी, दोन्ही हात सोडून, तोंड वर करून त्याच्यासमोर उभी राहिली.

"पाही ले," ती म्हणाली. "मी जित्ती शे."

बघून घे, मी जिवंत आहे. भावाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. अक्का मात्र चप्पल काढून आत गेली आणि वहिनीला म्हणाली, आता टाक चहा, साखर कमी.

परतीच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. अक्का गाठ चाचपत, पेंगत होती. मी म्हटलं, "अक्का, पुढच्या पाच तारखेला रविवार येतोय." तिने डोळे उघडले नाहीत.

"कचेरीले रविवारनी सुट्टी ऱ्हास," ती म्हणाली. "भाऊले कसानी सुट्टी?"