रिपोर्ट रोज, आठवड्याला की महिन्याला?

किस्से गोळा करावे लागत नाहीत. तीन माणसं फुकटात एखादं काम करायला बसवा आणि "कुठवर आलं?" असं विचारायला चौथा ठेवा, किस्से आपोआप साचतात. आमच्यात तो विचारणारा मी.

देवळीत माझं पाइप आणि मोटारींचं दुकान. बिलं काढता काढता कम्प्युटर स्वतःच शिकलो, म्हणून समीरने मला ओढलं. समीर आमच्याच गल्लीतला, आता पुण्यात इंजिनिअर. समुद्रपूरच्या कुंदाताई शाळेत शिकवतात. ही दोघं अंधांना मराठी पुस्तकं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बनवत होती. आणि ते वापरून चुका सांगायला पवनारची वैशाली. तिला दिसत नाही. क्लार्कच्या परीक्षेला वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती, आणि पुस्तकं वाचून दाखवायला घरी कोणी रिकामं नव्हतं.

*

पहिला वाद रिपोर्टचाच. मी म्हटलं, "रोज द्या. दुकानाचं शटर रोज उघडतो ना आपण!"

कुंदाताईंचा पहिला रिपोर्ट: "आज काही झालं नाही. पोळा होता."

दुसरा: "आज काही झालं नाही. तान्हा पोळा होता."

तिसरा: "आज काही झालं नाही. कारण सुचवा!"

*

त्याच आठवड्यात वैशालीचा व्हॉइस मेसेज आला. "काकाजी, हे सॉफ्टवेअर आकडे गिळून राह्यलं! गणित असं वाचते: 'रामाजवळ आंबे होते, त्यातले खाल्ले, किती उरले?' आता मी काय सांगू?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. समीरने लिहिलं, "बघतो."

*

रोजचं जमेना, म्हणून दर शनिवारी ठरलं. मग रिपोर्टमध्ये लिहायला काहीतरी हवं, म्हणून लोक शनिवारी दुपारी अर्धा तास काम करायला लागले!

एका शनिवारी समीर: "बटण निळं केलं."

पुढच्या शनिवारी: "बटण पूर्वीसारखं केलं."

मी फोन लावला. "अरे, त्या आकड्यांचं काय?"

"काका, दोन शनिवार बटणातच गेले ना!"

*

मग महिन्याचा रिपोर्ट. कुंदाताई महिनाभर शाळा सुटल्यावर सॉफ्टवेअरमध्ये घातलेल्या एका जाडजूड पुस्तकातल्या चुका दुरुस्त करत बसल्या. मीटिंगमध्ये कळलं, समीरने तेच पुस्तक महिन्याच्या सुरुवातीलाच पूर्ण करून ठेवलं होतं.

"काऊन सांगितलं नाई रे?" ताईंनी विचारलं.

"ताई, रिपोर्टची तारीख तर आज होती."

त्या दिवसापासून ताईंनी ग्रुपवर फक्त अंगठा दाखवला.

*

शेवटी समीरने तक्ता काढला. प्रत्येकाच्या नावापुढे एक चौकोन. फॉर्म भरून त्याची तक्रार आली की लाल, नाही आली की हिरवा. ग्रुपवर व्हॉइस मेसेज बंद. ऐकायला वेळ जातो.

तक्रार नाही म्हणजे हिरवा, हा नियम मात्र माझा. "ज्या गिऱ्हाइकाची तक्रार नाही, त्याची मोटार चालू आहे," असं मी ऐटीत सांगितलं. न बोलणारं गिऱ्हाईक गुपचूप दुसऱ्या दुकानात जातं, हे इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण तक्ता सोयीचा होता. एका नजरेत सगळं दिसायचं!

*

परीक्षा झाली, निकालही लागला. एका दुपारी वैशाली दोन बस बदलून दुकानात आली. मी दिलेले हेडफोन परत करायला. गणितात नापास झाली होती.

"बेटा, आकड्यांचं पुन्हा काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं ना, काकाजी. तुमचा फॉर्म माह्या मोबाईलले वाचता येत नाई. म्हणून तुमच्याच नंबरवर बोलून पाठवलं. सतरा वेळा."

मी मोबाईल काढला. सतराच्या सतरा तिथंच होते. एकही ऐकलेला नव्हता.

तिने हेडफोनची वायर नीट गुंडाळून काउंटरवर ठेवली. "तुमचा तो तक्ता आहे म्हणते ना... त्यात माहा चौकोन कोणत्या रंगाचा आहे?"

मी बघितलं. "हिरवा."

"हिरवा म्हंजे?"

"म्हणजे... सगळं चांगलं चाललंय."

"हाव का?" घडीची काठी उघडत ती म्हणाली, "मंग मी उगाचच रडून राह्यली, काकाजी!"