चायनीज हॉटेल मीच निवडलं, अन् मीच अडकली

मैत्रिणींनो, आज मी अन् बाबा आर्णीहून यवतमाळले गेलतो. ज्या पोराकडच्यांनी मले पसंत केलं, त्यांच्यासोबत जेवण होतं. पोराले चायनीज आवडते म्हणून मी विचारपूस करून एक स्वच्छ, शाकाहारी हॉटेल शोधलं.

मले भिंतीकडे, त्याच्या दोन मावश्यांच्या मधात बसवलं. उठाले जागाच नव्हती.

मी त्याले विचारलं, "तुम्ही काय घेता? नूडल्स का फ्राइड राइस?"

त्यानं आईकडे पाह्यलं. त्या म्हणाल्या, "त्याले राइसच देतो आम्ही. लग्नानंतर तुलेही सवय होईन."

सगळे हसले. मीही हसली.

घरी आल्यावर बाबा खुशीत म्हणाले, "हॉटेल झकास निवडलं पोरी! होकार कळवू ना?"

मी म्हटलं, "थांबा."

आता सगळे विचारून राह्यले, कायले थांबाचं? काय सांगू मी त्यायले?