वजरीवर झिजलेला साबण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझी बायको मंदा घरी जो साबण करते, त्याने मी एकदाही अंघोळ केलेली नाही. रोज सकाळी तिची वडी टाचांसाठी ठेवलेल्या वजरीवर चारदा घासतो, वापरल्यासारखी दिसली की जागेवर ठेवतो आणि बादलीमागे दडवलेल्या दुकानातल्या साबणाने अंग धुतो.

संशय पहिल्या दिवसापासूनचा. खोबरेल आणि तिळाचं तेल ती मायेने ओतते खरी. पण त्यात कॉस्टिक सोडा पडल्यावर तेलाचा गुण उरतो कुठे?

"सोडा सगळं तेल खात नाही हो. मी थोडं जास्तच घालते, ते अंगाला लागतं," ती म्हणाली होती. मी मान डोलावली. त्या मानेच्या भरवशावर तिने शेजारच्या काकूंच्या भेगाळलेल्या हातांसाठी दोन वड्या दिल्या. वर म्हणाली, "आमच्या ह्यांचं अंग बघा, कसं मऊ झालंय!"

आज नव्या वडीवर तिच्या अंगठ्याचा ठसा दिसला. साच्यातून काढताना उमटला असावा. घासायला हात होईना. तेलाचा गुण उरला की नाही, हे मला वजरी थोडीच सांगणार होती? आणि इतकी वर्षं नुसती मान डोलावणाऱ्या माणसात तरी मूळचं काय उरलंय, कोण जाणे.

बाहेरून मंदाचा आवाज आला, "अहो, हल्ली टाचा फार घासता!" तिलाही संशय असावा.

काकूंच्या हातांकडे मी अजून नीट पाहिलेलं नाही. मंदाला मी त्या साबणाने एक अंघोळ आणि त्यानंतरचं खरं उत्तर देणं लागतो.